आजोबांच्या रायफलीला कानस लावू नका



आमच्या घराण्यात सध्या एका रायफलीवरून वाद चालू आहे. रायफल हे निमित्त. तुमच्याकडे तो वाद पणजीच्या शालूवरून झाला असेल, देवघराच्या चौकटीवरून झाला असेल, वाड्याच्या सागवानी खांबांवरून झाला असेल. जुनी वस्तू तशीच ठेवायची की नवी करून वापरायची? मी आयुष्यभर बडोद्यात टूलरूममध्ये काम केलं आहे, त्यामुळे लोखंडाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. ते सविस्तर मांडतो, पटतंय का बघा.

आजोबा बडोदे संस्थानच्या जंगलखात्यात होते. त्यांची बरीचशी नोकरी सोनगड-व्यारा भागात झाली. त्यांची रायफल मार्टिनी पद्धतीची, म्हणजे सिंगल शॉट. मॅगझिन नाही. खालचा लिव्हर ओढला की आतला पोलादी ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो, एक काडतूस आत सरकवायचं, लिव्हर वर केला की ठोकळा मागून दार लावतो. एक काडतूस, एक बार. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री घेतली, आणि त्याच यंत्रणेवरच्या शिकारी रायफली पुढे आपल्याकडे पुष्कळ आल्या. आमची त्यातलीच एक.

आज परवाना इंदूरच्या धाकट्या चुलतभावाच्या नावावर आहे. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि माणशी तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली, तेव्हा त्याने आपली नवी बंदूक जमा केली आणि आजोबांची ठेवली. म्हणजे त्याचं प्रेम कमी आहे असं कुणी म्हणू नये. पण आता त्याच्या मनात आलंय की ही रायफल 'नवीन' करून घ्यायची. आजच्या काडतुसाची नवी नळी, नवा दस्ता, वर चकचकीत निळं पॉलिश. सगळं कायदेशीर, परवानाधारक कारागिराकडून. त्याचं म्हणणं, "दादा, जुनी काडतुसं कुठे मिळतच नाहीत. वस्तू वापरात राहिली तरच ती आपली. नाहीतर कपाटात नुसती गंजायची."

वापराबद्दल तो बोलतो ते मला मान्य आहे. पण त्यासाठी आजोबांच्याच रायफलीला कानस लावायची हे मान्य नाही. गंमत म्हणजे यावरचा तोडगा त्याच्याच मुलाने करून दाखवला आहे.

हा मुलगा अमेरिकेत कोलोराडोला असतो, तिकडचाच नागरिक झाला आहे. तिकडे सिंगल शॉट रायफलींचे वेडे लोक आहेत, आणि त्यांचा इतिहास आपल्या वादाला अगदी चपखल बसतो. जॉन ब्राउनिंग नावाच्या तरुणाने १८७९ मध्ये एका सिंगल शॉट रायफलीचं पेटंट घेतलं. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि १८८५ पासून ती रायफल बाजारात आणली. तिच्या भारी अंगाच्या प्रकाराला तिकडे हाय वॉल म्हणतात. यात ठोकळा झुकत नाही, विहिरीत बादली जावी तसा सरळ खाली जातो. १९२० च्या सुमारास उत्पादन थांबलं तोवर सुमारे १ लाख ४० हजार नग निघाले होते.

पुढे काय झालं? दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांना अचूक नेमाच्या रायफली हव्या होत्या. हाय वॉलची ॲक्शन, म्हणजे मधलं यंत्र, मजबूत. मग जुन्या रायफली मिळेल त्या किमतीला घ्यायच्या, मूळची अष्टकोनी नळी काढून टाकायची, .२२ हॉर्नेटसारख्या काडतुसाची नवी नळी चढवायची, दस्ता बदलायचा. किती तरी मूळ रायफली अशा संपल्या. बदलणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनाही वस्तू वापरात ठेवायची होती. माझा भाऊ आज हेच बोलतोय.

हे चित्र पालटलं ते चांगल्या प्रतिकृतींमुळे. १९७३ मध्ये ब्राउनिंगच्याच नावाने हाय वॉलच्या धर्तीवरची बी-७८ आली, ती बनत होती जपानमध्ये, मिरोकू कंपनीत. मोंटाना राज्यातलं बिग टिंबर हे लहानसं गाव, तिथे जुन्या शार्प्स रायफली नव्याने बनतात. मूळ शार्प्स कंपनी १८८१ मध्येच बंद पडली होती. शिवाय काही छोटे कारखाने नुसती ॲक्शन बनवून देतात. नळी नाही, दस्ता नाही. बाकी सगळं ज्याने त्याने आपल्या मनासारखं करून घ्यायचं.

पुतण्याने तशी एक ॲक्शन घेतली. तिकडच्या कायद्यात नंबर असलेलं मधलं अंग हीच बंदूक धरतात, त्यामुळे ते परवानाधारक दुकानातून, चौकशी होऊनच हातात येतं. मी तिकडे गेलो होतो तेव्हा ती ॲक्शन त्याच्या टेबलावर होती. म्हणाला, "मोठे काका, तुम्ही बघा आणि सांगा." मी चष्मा लावून अर्धा तास बघत बसलो. अखंड पोलादातून कोरलेलं अंग. ठोकळ्याच्या खाचेचे कोपरे स्वच्छ, कुठे टूलचा ओरखडा नाही. लिव्हर खाली केला तर ठोकळा स्वतःच्या वजनाने उतरल्यासारखा गेला, आणि वर आल्यावर बाजूला केसभरही हलला नाही. अशी बैठक नुसत्या मशीनवर येत नाही. शेवटचा हात माणसाचा लागतो. ज्याने तो लावला त्याला भेटायची मला इच्छा झाली.

मग दीड वर्ष त्याचं काम चाललं. नळी एकाकडून, अक्रोडाचं लाकूड दुसऱ्याकडून. दस्त्याची लांबी चापापासून खांद्यापर्यंत त्याच्या स्वतःच्या हाताच्या मापाने. या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांत असतं, मागे दस्ता आणि नळीखाली पुढचा भाग. पुढचं लाकूड नळीवर कमीजास्त दाबलं की नेम सरकतो, म्हणून तो तुकडा त्याने तीनदा काढून बसवला. मॅगझिन आणि मागेपुढे सरकणारा बोल्ट नसल्यामुळे तेवढ्याच नळीची रायफल चार इंच आखूड होते, हातात सुबक बसते. आणि एकच गोळी असल्यामुळे माणूस घाई करत नाही, हेही त्याने सांगितलं. आजोबाही हेच म्हणायचे असं आमच्या आत्याबाई सांगत.

आता यावर तीन आक्षेप येतात, ते घेऊ.

पहिला, "प्रतिकृती म्हणजे नक्कल." मी म्हणतो, शिक्का बघा. या नव्या ॲक्शनवर बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव आणि स्वतःचा नंबर असतो. लबाडी तेव्हा होते, जेव्हा नव्या लोखंडाला मुद्दाम गंज चढवून जुन्याच्या भावाने विकतात. नाव लपवलं नाही तर त्यात खोटं काही नाही.

दुसरा, "जुन्यात हाताची कारागिरी होती, हे सगळं संगणकाच्या मशीनवर." अहो, विंचेस्टरची मूळ रायफलसुद्धा कारखान्यातच मशीनवर बनत होती! तेव्हाही यंत्र कापायचं आणि माणूस बसवायचा. आजही तेच चाललंय.

तिसरा भावाचा, "पण ती आजोबांची नाही ना." बरोबर, नाही. आणि नवी नळी, नवा दस्ता, नवं पॉलिश झाल्यावर आजोबांची रायफल तरी आजोबांची किती उरेल? त्यांच्या गालाने गुळगुळीत झालेलं लाकूड भंगारात जाणार. नळीवरची जुनी अक्षरं पॉलिशच्या चाकाखाली पुसणार. शिवाय धोका आहेच. ही यंत्रणा काळ्या दारूच्या काळातली. धूर न करणारी दारू सैन्यात आली १८८६ मध्ये, आधी फ्रान्सने घेतली. आजच्या काडतुसांचा दाब त्या जुन्या दारूच्या कितीतरी पट असू शकतो. शंभर वर्षांपूर्वीच्या पोलादाची परीक्षा स्वतःच्या गालाजवळ कशाला घ्यायची?

टूलरूममधल्या कुणालाही विचारा. आमच्याकडे मापाचे दोन गेज असत. मास्टर गेज कपाटात, मऊ कापडात, तेलाचा हात लावून. वर्किंग गेज रोज हातात, झिजला की बदलायचा. मास्टर कामाला काढला तर दोन वर्षांत तो झिजणार आणि मग खरं माप कुणालाच सांगता येणार नाही. आणि नुसता मास्टर कपाटात ठेवून वर्किंग गेज बनवलाच नाही, तर कारखाना बंद. दोन्ही लागतात. बिग टिंबरच्या लोकांनी हेच केलं आहे. त्यांच्या प्रतिकृतींमुळे मूळ शार्प्स, मूळ हाय वॉल वाचल्या, कारण रोज वापरायला आणि हौसेने बदलायला दुसरं लोखंड मिळालं. आणि बनवायची विद्याही चालू राहिली, ती तर म्युझियमच्या काचेआड टिकत नाही.

आपल्याकडे शस्त्र बनवणं कायद्याने सोपं नाही, आणि नसावंच. शिकारही बंद आहे, ते चांगलंच झालं. त्यामुळे कुणी इथे तशी रायफल बनवा असं मी सांगत नाही. भावाला माझं सांगणं साधं आहे. नेमबाजीची हौस आहे तर रेंजवर दुसरी रायफल वापर. मुलाने तिकडे जी घडवली ती आपल्या घराण्याची वापरातली रायफल समज. आजोबांची आहे तशी ठेव. वर्षातून दोनदा तेलाचं फडकं फिरव, अक्षरांचे फोटो काढ, आणि ती कुणाची, कुठे वापरली, हे एका कागदावर लिहून परवान्याबरोबर ठेव. आत्याबाई गेल्या, आता ते सांगणारे आपण दोघेच उरलो.

त्याने अजून होकार दिलेला नाही. कारागिराने त्याला दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. तुमच्या घरी अशी वस्तू नवी करून घेतली असेल किंवा तशीच ठेवली असेल, तर पुढे काय झालं ते जरूर लिहा. त्याला वाचायला पाठवतो.