शेजारणीचा रोजा

यंदा फेब्रुवारीत एकाच आठवड्याच्या आत तीन उपवास आले. रविवारी १५ तारखेला आपली महाशिवरात्र झाली. बुधवारी १८ फेब्रुवारी २०२६ ला ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार आला आणि त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, ज्याला ते लेंट म्हणतात, तो सुरू झाला. पाठोपाठ रमजानचा चंद्र दिसला. आपली साबुदाण्याची खिचडी एका दिवसात आटोपली, पण या दोघांचे उपवास पुढे महिनाभर बरोबरीने चालले. कॅलेंडरवर हे सगळं छापलेलं असतं, पण आपण आपल्यापुरत्या चौकटी बघतो आणि पान उलटतो!

ज्यांची मुलं मिशनऱ्यांच्या कॉलेजात शिकतात त्यांच्या मात्र हे लक्षात आलं असेल. धोबी तलावचं सेंट झेवियर्स १८६९ पासूनचं, ब्रीच कँडीचं सोफिया १९४० चं. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या कितीतरी मराठी घरांतल्या दोन-दोन पिढ्या अशा कॉलेजांत शिकल्या. माझी मुलगीही अशाच एका कॉलेजात जाते. तिच्या ग्रुपमध्ये एक भायखळ्याची कॅथलिक, एक मदनपुऱ्याची मुसलमान आणि ही लालबागची. या दिवसांत तिघींचं कॅन्टीनमधलं गणित ऐकण्यासारखं असतं. कॅथलिक मुलगी शुक्रवारी चिकन रोल घेत नाही, शिवाय चाळीस दिवस तिने इन्स्टाग्राम सोडलेलं. मदनपुऱ्याची पहाटे सहरी करून आलेली, दिवसभर पाण्याचा घोटही नाही, वर परीक्षा. आणि आमच्या बाई हातात वडापाव घेऊन विचारणार, ‘मी तिकडे जाऊन खाऊ का?’ त्यावर, ‘इथेच खा गं, तुझ्या खाण्याने माझा रोजा तुटत नाही,’ हे उत्तर ठरलेलं.

कॅथलिकांचे कडक उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं. लेंटमधल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. बाकीचे दिवस जे आवडतं ते सोडायचं आणि वाचलेला पैसा गरजूंना द्यायचा. कॅरिटास इंडिया ही चर्चची संस्था दर लेंटमध्ये त्यासाठी देशभर मोहीम काढते. मुसलमानांत शिलकीच्या अडीच टक्के जकात आणि ईदच्या नमाजाआधी फितरा. म्हणजे दोन्हीकडे उपवासाचा हिशेब आपल्या पोटापाशी संपत नाही, तो दुसऱ्याच्या ताटापर्यंत न्यावा लागतो. आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच आपल्यावर केली आहे, म्हणून हे जरा लक्षात घ्यावं!

हे दोन उपवास दरवर्षी असे भेटत नाहीत. मुसलमानांचं वर्ष निव्वळ चांद्र, ३५४-३५५ दिवसांचं. आपल्यासारखा अधिक महिना ते धरत नाहीत, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. लेंट ईस्टरला बांधलेला, तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच फिरतो. म्हणून साधारण ३३ वर्षांनी दोन्हींची सुरुवात पुन्हा तशीच जुळून येते.

आता ३३ वर्षं मागे जाऊया. १९९३ साली राखेचा बुधवार २४ फेब्रुवारीला होता आणि रमजानही त्याच दोन-तीन दिवसांत लागला होता. त्याआधी डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई पेटली होती. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला, त्यात मुसलमान ५७५ आणि हिंदू २७५. रमजान निम्म्यावर आला होता, लेंटही चालू होता, तोच १२ मार्चचा शुक्रवार आला. शेअर बाजार, झवेरी बाजार, वरळीचं सेंच्युरी बाजार, आपलं दादरचं प्लाझा. त्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. मी तेव्हा सहावीत होते. जानेवारीत चाळीतले पुरुष रात्रभर पहारा द्यायचे आणि बायका दिवे मालवून बसायच्या, एवढं मला पक्कं आठवतं. ‘ते’ कोण हे आम्हा मुलांना कुणी समजावलं नव्हतं, तरी ते सगळ्यांना कळलं होतं.

पुढे तुटलेलं जोडायचं काम ज्यांनी हाती घेतलं, त्यांत मोहल्ला कमिट्यांची चळवळ मोठी. निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी ती उभी केली. एक कॅथलिक, दोघे हिंदू, आणि वस्त्यांतून पुढे आलेली हिंदू-मुसलमान माणसं. रिबेरोंच्या समाजाचं त्या दंगलीशी भांडण नव्हतं. घरी बसले असते तरी त्यांना कुणी बोल लावला नसता. मला नेमकं इथेच थांबून बघावंसं वाटतं. ज्याच्या अंगावर आलेलं नाही, त्याने दुसऱ्याच्या पाठीशी का उभं राहायचं?

कॅथलिक चर्चपुरतं बोलायचं तर या प्रश्नाला मुंबईचाही एक धागा आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले होते. ओव्हल मैदानावर मोठा सोहळा झाला आणि इथे ते इतर धर्मांच्या प्रतिनिधींनाही भेटले. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ ला त्यांनी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा प्रसिद्ध केला. मुसलमानांच्या प्रार्थनेचा, दानाचा आणि उपवासाचा त्यात आदराने उल्लेख आहे आणि जुनी भांडणं विसरून सगळ्यांसाठी मिळून काम करावं असं आवाहन आहे. १९६७ पासून व्हॅटिकनकडून रमजान-ईदच्या निमित्ताने मुसलमानांना शुभेच्छा-संदेशही जातो. तेव्हा मुलींनी एकत्र खजूर खाल्ले हे फॅड नव्हे, त्याला साठ वर्षांची बैठक आहे.

पण खजूर वाटून खाणं सोपं असतं हो! खरी परीक्षा पुढे असते. अलीकडच्या काही वर्षांत अशा तीन परीक्षा झाल्या, त्यांचे निकाल एकसारखे नाहीत.

पहिली नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची. डिसेंबर २०१९ च्या या कायद्याने तीन शेजारी देशांतून २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट सोपी केली. त्या सहांत ख्रिस्ती आहेत, मुसलमान नाहीत. म्हणजे ख्रिस्ती समाजाला गप्प बसायला उत्तम सबब होती. तरीही मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी, धर्म ही नागरिकत्वाची कसोटी असू नये, अशी भूमिका घेतली. २६ जानेवारी २०२० पासून नागपाड्याला मोर्लंड रोडवर बायकांनी ‘मुंबई बाग’ मांडली, त्यातच राखेचा बुधवार येऊन गेला. कायद्याबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो. आपल्याला लाभ असूनही ज्याला वगळलं त्याच्या बाजूने बोलणं, याला किंमत मोजावी लागते.

दुसरी परीक्षा वक्फची, २०२५ च्या लेंटमधली. केरळात मुनंबमला सुमारे सहाशे कुटुंबं, बहुतेक कॅथलिक मच्छीमार, राहत्या जमिनीवर वक्फ बोर्डाने सांगितलेल्या हक्कामुळे हवालदिल होती. त्यांचं दुःख खरं होतं, घर जाण्याची भीती आपल्या चाळकऱ्यांना कुणी सांगायला नको. तिथल्या बिशपांनी खासदारांना दुरुस्ती विधेयकाच्या बाजूने मत द्यायला सांगितलं आणि देशपातळीवरच्या कॅथलिक बिशप परिषदेनेही जुन्या कायद्यातल्या तरतुदी बदलाव्यात असं म्हटलं. ते दिवस ईदचे होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विधेयक मंजूर झालं. लगेच ‘ऑर्गनायझर’च्या संकेतस्थळावर देशातल्या कॅथलिक चर्चच्या जमिनींवर लेख आला आणि गदारोळ झाल्यावर तो काढण्यात आला. ख्रिस्ती समाजातल्याच अनेकांनी तेव्हा विचारलं, आज त्यांची जमीन, उद्या आपली तर नव्हे? मला वाटतं, मुनंबमच्या बाईला न्याय मिळावा आणि मदनपुऱ्याच्या बाईला आपली मशीद-कब्रस्तान सुरक्षित वाटावं, या दोन्ही गोष्टी एका तोंडाने मागता येतात. तशा मागितल्या गेल्या नाहीत, हे त्या लेंटचं उणं.

तिसरी परीक्षा डोक्यावरच्या रुमालाची, आणि ती सर्वस्वी आपली, बायकांची. चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजने २०२४ मध्ये हिजाब, बुरखा, टोपी यांना मनाई केली. हे कॉलेज कॅथलिक नव्हे. नऊ मुली हायकोर्टात गेल्या, २६ जून २०२४ ला त्यांची याचिका फेटाळली गेली. सुप्रीम कोर्टाने ९ ऑगस्टला हिजाब-टोपीच्या मनाईला तात्पुरती स्थगिती दिली आणि मुलींना टिकली-टिळ्याचीही मनाई करणार का, असं विचारलं. वर्गात बुरख्याला मात्र कोर्टाने मोकळीक दिली नाही. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीच्या एका कॅथलिक शाळेतच आठवीच्या मुलीच्या हिजाबवरून वाद झाला आणि शेवटी मुलीच्या घरच्यांनी ती शाळाच सोडायचं ठरवलं.

हे वाचून मला वाईट वाटलं, कारण मी वस्तीत काम करते आणि जूनमध्ये मुलींचे प्रवेशाचे फॉर्म भरून देते. भायखळा-नागपाड्याकडच्या आया एक गोष्ट हमखास विचारतात, ‘नन लोगों का कॉलेज है क्या?’ हो म्हटलं की अर्धी लढाई जिंकली. मुलीच्या अब्बांना समजावता येतं, काकांची तोंडं बंद करता येतात. मुलींचं कॉलेज, शिस्त, गेटवर वॉचमन, सिस्टर लोकांची नजर. ज्या घरात बारावीनंतर लग्नाचा विषय निघतो, तिथे या एका भरवशावर मुलीला तीन वर्षं मिळतात. तो भरवसा एका रुमालावरून गेला, तर मुलगी रुमाल काढून कॉलेजला येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्याबरोबर फॉर्म भरायला बसावं. ती घरी बसते. हिजाब असावा की नसावा यावर माझंही मत आहे, पण ते मत तिने शिकून-सवरून माझ्याशी भांडावं एवढ्यापुरतंच. त्यासाठी आधी ती वर्गात हवी ना!

गंमत म्हणजे यावरचा सरळ मार्ग बिशप परिषदेनेच सुचवला आहे. २०२४ मध्ये त्यांनी कॅथलिक शाळांना सूचना दिल्या: रोज सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणा, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका आणि जमेल तिथे सर्वधर्म प्रार्थनेची एक खोली ठेवा. असं झालं तर रोजा धरलेल्या मुलीला नमाजासाठी जिना शोधावा लागणार नाही. आपल्याही मुलीला परीक्षेआधी दोन मिनिटं डोळे मिटून बसायला जागा होईल.

कॉलेजने एवढं केलं तरी उरलेलं काम आपल्या घरात आहे. मुलगी कॉलेजात रोज जे शिकून येते ते जेवणाच्या पानावर आपण किती सहज पुसतो! ‘त्यांचं’ असं, ‘त्यांच्यात’ तसं. १९९३ मध्ये आम्हा मुलांना ‘ते’ कळलं ते असंच, कुणी न शिकवता. यंदाच्या उपवासांत माझ्या ओळखीच्या एका गिरगावकर आजींनी नातीच्या मैत्रिणीला संध्याकाळी थांबवून घेतलं आणि विचारलं, ‘तुमच्यात सोडताना आधी गोड चालतं का गं?’ आणि खजूर नव्हते म्हणून शिऱ्याची वाटी पुढे केली. त्यांनी ना ‘नोस्त्रा एताते’ वाचलंय, ना सुप्रीम कोर्टाचा आदेश. नियम विचारला, आणि पोरीला सोयीचं होईल ते केलं.

पुढच्या वर्षी १० फेब्रुवारीला राखेचा बुधवार आहे आणि रमजानही त्याच सुमारास. त्यानंतर मात्र २०२८ पासून दोघांच्या वाटा वेगळ्या होतील. रमजान जानेवारीत, मग डिसेंबरात सरकत जाईल. तेव्हा कॅन्टीनमध्ये रोजा एकटीचा असेल आणि बरोबर उपवास करणारी कुणी नसेल. त्याआधी, मैत्रिणींनो, एवढं करूया. मुलीचं कॉलेज कुठलंही असो, पालकसभेत अटेंडन्स आणि फीच्या जोडीला एक प्रश्न विचारूया: रोज्यातल्या मुलींच्या परीक्षेची आणि प्रार्थनेची इथे काय सोय आहे? हा प्रश्न मदनपुऱ्याच्या आईने विचारला तर तक्रार ठरते. लालबागच्या आईने विचारला तर ऐकून घेतात.