रिचार्ज मारण्याआधी दोन मिनिटं हिशेब करा

“नेहमीचाच मारू ना?” असं दुकानदार विचारतो, आपण ‘हो’ म्हणतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. घरात चार फोन असतील तर या एका ‘हो’पायी वर्षाकाठी काही हजार रुपये जातात. तेव्हा पुढचा रिचार्ज मारण्याआधी थोडा हिशेब करा.

आधी दिवस मोजा. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिन्याचा पॅक नव्हे. असे रिचार्ज वर्षातून १३ वेळा मारावे लागतात. ८४ दिवसांचे चार पॅक घेतले तरी ३३६ दिवसच भरतात. म्हणून किमतीला दिवसांनी भागून रोजचा खर्च काढा. समजा, ३०० रुपयांचा पॅक २८ दिवस चालतो. म्हणजे दिवसाला १० रुपये ७० पैसे पडले. ८१० रुपयांचा पॅक ८४ दिवस चालला तर तोच खर्च ९ रुपये ६५ पैशांच्या आसपास येतो. दर महिन्याला ठरलेल्या तारखेलाच रिचार्ज करणं सोयीचं असेल तर तसा पॅक मागा. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दरमहा त्याच तारखेला येणारा किमान एकेक पॅक ठेवावा, असं दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२२ मध्येच बजावलं आहे. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

मग डेटा पाहा. ‘रोज दीड जीबी’च्या पॅकमध्ये रात्री बारापर्यंत जे वापरलं नाही ते बुडालं, सहसा ते दुसऱ्या दिवशी जमा होत नाही. उलट दुपारीच मर्यादा संपली तर नेट बंद पडत नाही, पण बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ किलोबाइट. तीन एमबीचा एक फोटो उतरायला सहा मिनिटांहून जास्त लागतात. किराणा दुकानात यूपीआयने पैसे देताना चाक नुसतं गरगरत राहतं, ते बरेचदा यामुळेच. ‘अनलिमिटेड फाइव्ह-जी’चंही तसंच: प्लॅन त्यात बसणारा हवा, फोन फाइव्ह-जीचा हवा आणि त्या जागी फाइव्ह-जीची रेंजही हवी. गावाकडे फोन फोर-जीवर आला की रोजची मर्यादा पुन्हा लागू होते.

आपल्याला किती डेटा लागतो हे फोनच सांगतो. सेटिंग्जमधलं ‘डेटा वापर’ उघडा. कोणत्या ॲपने महिन्यात किती खाल्लं ते दिसेल. बहुतेक वेळा व्हिडिओच सर्वांत वर असतात. यूट्यूबचा दर्जा ४८०पी ठेवला तर फोनच्या पडद्यावर फारसा फरक जाणवत नाही, डेटा मात्र बराच वाचतो. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावरचं ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद करा. नाहीतर नातेवाइकांच्या ग्रुपवरचे सकाळचे व्हिडिओ न पाहताच उतरतात. घरी वायफाय असेल तर रोज दोन जीबीचा पॅक कशाला हवा?

आजीआजोबांकडे बटणांचा साधा फोन असेल तर त्यांच्यासाठी डेटाचे पैसे भरू नका. फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवणं ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलं. बँकेचा ओटीपी त्यावरही येतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. वर्षभराचा पॅक स्वस्त दिसला तरी आधी त्याच कंपनीचा छोटा पॅक घेऊन घरात, शेतावर, कामाच्या ठिकाणी रेंज नीट मिळते का ते बघा. मध्येच नंबर पोर्ट केला तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत.

आज रात्री घरातल्या प्रत्येक फोनचा महिन्याचा वापर कागदावर लिहून काढा. पुढच्या वेळी दुकानदाराने विचारलं की ‘नेहमीचाच’ म्हणू नका. किती दिवसांचा आणि किती जीबीचा, ते तुम्हीच सांगा.