लेन्सला पैसे आहेत, थेंबांना नाहीत

गेल्या रमजानमध्ये माझी भाची चार दिवस आमच्याकडे राहायला होती. असरच्या नमाजनंतर पाहिलं तर डोळे लाल, सारखे चोळत होती. म्हटलं, "लेन्स आहे ना? थेंब टाक की." म्हणाली, "खाला, रोजा आहे." इफ्तार झाला, तरावीह झाली, तरी बाटली काही निघेना. मग खरं कारण कळलं. बाटली दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. घरी परत मागायची लाज वाटत होती म्हणून गुलाबपाण्यावर काम चाललं होतं.

रोजाचा मुद्दा आधी मिटवते, कारण आपल्याकडे तो फार लवकर पुढे येतो. हनफी असोत की कोकणातले बहुसंख्य शाफई, दोन्ही मजहबांत डोळ्यात औषध टाकल्यानं रोजा तुटत नाही. जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीनं १९९७ साली तसा ठरावही केला आहे. घशापर्यंत काही उतरलं तर ते गिळू नये, एवढीच अट. वजूसाठीही लेन्स काढावी लागत नाही. तेव्हा यात दीनची अडचण नाही, अडचण पैशाची आहे.

लेन्स घेतली तेव्हा पैशाची अडचण नव्हती. रिश्ते यायला लागले होते, आणि "मुलीला चष्मा आहे का?" हा प्रश्न शिक्षणाच्याही आधी विचारला जातो. तिच्या अब्बांनी कुरकुर न करता पैसे मोजले. पण लेन्स डोळ्यात राहायची तर डोळा ओला राहायला हवा, हे त्या हिशोबात कुणी धरलंच नाही.

मी भाषेची शिक्षिका, तरी एवढं गणित मला येतं. एका मिलीलिटरमध्ये साधारण २० थेंब. १० मिलीच्या बाटलीत २००. दिवसातून चार वेळा, दोन्ही डोळ्यांत, म्हणजे रोजचे ८. बाटली २५ दिवसांत संपते. उरली तरी उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायची असते. आमच्याकडच्या मेडिकलमध्ये ती दीड-दोनशेला मिळते. वर्षाचे अडीच हजारांच्या आसपास झाले, आणि लेन्स धुवायचं सोल्यूशन वेगळंच.

सगळ्यांना एवढे थेंब लागतातच असं नाही. संध्याकाळी लेन्स काढून ठेवली, मोबाइलकडे टक लावून बघणं कमी केलं तर कमी लागतात. मोबाइल बघताना आपण पापण्या मिटायच्याच विसरतो. थेंब टाकूनही डोळा कोरडाच राहत असेल तर दुसरी बाटली आणण्याआधी डॉक्टरला दाखवावं.

पण बचत म्हणून दुकानदार देईल ते थेंब लेन्सवर टाकू नयेत. डोळ्याची लाली घालवणारे थेंब यासाठी नसतात. बऱ्याच साध्या थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं; मऊ लेन्स ते शोषून घेते आणि ते तासन्‌तास डोळ्याला लागून राहतं. लेन्स घातलेली असताना चालेल असं बाटलीवर लिहिलेलं असावं. गुलाबपाणी, नळाचं पाणी, थुंकी यांतलं काहीही लेन्सला लावू नये. पाण्यातल्या अमिबानं बुबुळाला संसर्ग झाला तर नजर जाऊ शकते.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. बीएडच्या वर्षी माझाही रिश्ता ठरत होता आणि मीही होस्टेलच्या नळाखाली लेन्स भिजवायची. एका डोळ्याला संसर्ग झाला, तीन आठवडे दर दोन तासांनी औषध. अब्बांनी तेव्हा जे बिल भरलं त्यात कितीतरी बाटल्या आल्या असत्या. आता वर्गात चष्माच लावते, खडूची धूळ असते.

भाची परत गेल्यावर आपाला फोन केला. ती म्हणाली, "दर महिन्याला कसले हे नखरे? त्यापेक्षा चष्मा लाव म्हणावं."

मी म्हटलं, "चालेल की. मग पुढच्या रविवारी पाहुणे येतील तेव्हा चष्म्यातच बसू दे तिला."

आपा थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "ती बाटली कुठली घ्यायची म्हणालीस?"