इंग्रजीची वाट मराठीच्या अंगणातून

सीमाभागातील आमची मुले इंग्रजीत मागे पडतात, ही तक्रार आता जुनी झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातला मराठी माध्यमाचा मुलगा कॉलेजात जातो, व्याकरणाचे नियम घडाघडा म्हणतो, पेपरात पासही होतो. पण मुलाखतीत 'स्वतःविषयी सांगा' म्हटले की तोंडाला कुलूप! मग घरचे म्हणतात, 'धाकट्याला तरी इंग्रजी शाळेत घालू.' मराठी शाळेचा पट आणखी घटतो. म्हणजे प्रश्न एका नोकरीचा राहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण ज्या भाषेसाठी झगडलो, तिच्या मुळाशी येतो.

आमच्या मते चूक मराठीची नाही, शिकवण्याच्या रीतीची आहे. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० साली एका पुस्तकातून दाखवून दिले, की रूपक हा केवळ कवींचा दागिना नव्हे. माणूस रोजचा विचारच रूपकांतून करतो. वेळ हाताला लागत नाही, म्हणून आपण वेळेकडे पैशासारखे पाहतो. वेळ खर्च होतो, वाचतो, वाया जातो. इंग्रजीतही स्पेंड, सेव्ह, वेस्ट हेच शब्द वेळेला लागतात. राग म्हणजे आच. आपले डोके तापते, रक्त उकळते. इंग्रजाचेही 'बॉइल' होते. वादात आपण हल्ला चढवतो, बाजू लढवतो. तिकडेही 'अटॅक' आणि 'डिफेन्ड' आहेच.

मग शंभर सुटे शब्द पाठ करायला देण्यापेक्षा दिवसाला एक रूपक का देऊ नये? मुलांनी आधी आपली वाक्ये सांगावीत, मग त्यांची इंग्रजी भावंडे शोधावीत. जिथे जमत नाही, तिथेच खरा धडा आहे. आपण 'डोके खाऊ नकोस' म्हणतो, शेजारचा कन्नड भाऊ 'तले तिन्नबेड' म्हणतो. चित्र एकच. इंग्रजाला मात्र हे शब्दशः सांगितले तर तो बिचारा घाबरेल! तिथे 'डोन्ट बॉदर मी' हे वेगळे शिकवावे लागेल.

काही प्राध्यापक म्हणतील, अशाने मुलांना भाषांतराची सवय लागेल. शंका रास्त आहे. म्हणून मराठी सुरुवातीपुरतीच असावी. चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले, की उरलेला तास मुलांनी इंग्रजीतच बोलावे, चुकत का होईना. बोलल्याशिवाय कोणतीच भाषा येत नाही.

निपाणीची मुले हद्द ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जातात, ते शिवाजी विद्यापीठाचे. बेळगावची कॉलेजे राणी चन्नम्मा विद्यापीठाची. विद्यापीठे दोन, अडचण एकच. दोन्हीकडच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना आमची विनंती आहे, की आठवड्यातला एक तास तरी या रीतीला द्यावा. त्याला ना सरकारी आदेश लागतो, ना अनुदान. पालकांनाही एवढेच सांगणे, की मुलाला इंग्रजी यावी म्हणून त्याची मराठी काढून घेऊ नका. ती त्याच्या पायातली बेडी नाही, पायाखालची जमीन आहे.