सल काढा, खोड राखा

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात जुनी फटफटी सहसा कोणी विकत नाही. ती गोठ्याच्या कडेला, जिन्याखाली किंवा अंगणातल्या लिंबाखाली पोते पांघरून उभी असते. कुठे राजदूत, कुठे येझदी, कुठे बुलेट, तर कुठे आरएक्स हंड्रेड. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी आपल्याकडच्या येझद्या मात्र घरच्या वडीलधाऱ्यांसारख्या जागा अडवून बसल्या आहेत. याच गाडीवर आजोबांनी वरूडच्या बाजारातून बियाणे आणले, याच गाडीवर नवी सून माहेरी जाऊन आली.

आता या गाड्यांकडे घरातल्या तरुणांचे लक्ष गेले आहे. महाविद्यालयात मुले बोलताना ऐकू येते, "सर, बाबांची गाडी पडूनच तं आहे ना, तिची चॉपर करतो." चॉपर म्हणजे पुढचे चाक लांब पुढे गेलेले, हँडल उंच, बसायची जागा खाली, मागचे चाक उघडे आणि एकाच माणसापुरती सीट. फोटोत पाहिली की डोळ्यांत भरते, यात शंका नाही. मुलगा म्हणतो वेल्डिंगवाला ओळखीचा आहे, ग्राइंडर भाड्याने मिळतो, आठ-पंधरा दिवसांत अंगणातच काम होईल. आई म्हणते, पडीक गाडीच्या निमित्ताने पोरगं घरी तरी राहील. वडील मात्र गप्प असतात. त्या गप्प बसण्यात काय काय असते, त्याचा आज थोडा विचार करू.

चॉपर हा शब्द छाटण्यावरून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या तरुणांनी जड मोटारसायकलींचे मडगार्ड आणि इतर नको ते भाग छाटून त्या हलक्या केल्या. पुढे नुसत्या छाटणीवर भागेना, म्हणून पुढचा फोर्क लांब करणे आणि चेसिसच कापून तिचा कोन बदलणे सुरू झाले. १९६९ च्या 'ईझी रायडर' या चित्रपटाने ही गाडी जगभर नेली. त्या चित्रपटातल्या गाड्या बनवण्यात क्लिफ वॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांचा मोठा हात होता, पण त्यांची नावे दीर्घकाळ अंधारातच राहिली. कारागिराच्या वाट्याला हे नेहमीचेच!

आपल्या मराठी मुलखातही याचे उदाहरण आहे. मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी विमानातली नोकरी सोडली आणि बुलेटच्या इंजिनावर चॉपर घडवण्याचा व्यवसाय उभा केला. त्यांच्या गाड्यांचे नाव 'वर्देंची'. ऐकणाऱ्याला ते इटलीतले वाटते. प्रत्यक्षात ती आपली साधी षष्ठी विभक्ती आहे, वर्देंची म्हणजे वर्दे यांची! मराठी शिकवणाऱ्याला याचा आनंद व्हावा, यात नवल नाही. पण एक गोष्ट विसरू नये. हे काम करणाऱ्यांचा तो पूर्णवेळचा धंदा असतो, त्यामागे वर्षांचा सराव असतो. अंगणातल्या पंधरा दिवसांशी त्याची बरोबरी करता येत नाही.

तसे पाहिले तर हौसेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. दिवसभर मोबाईलवर बोट फिरवणाऱ्या मुलाने हातात पाना घेतला, तर ते आनंदाचेच आहे. प्रश्न इतकाच की छाटायचे काय आणि ठेवायचे काय. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. फळे उतरल्यावर आपण झाडाची सल काढतो, वाळलेल्या काड्या कापून जखमेवर बोर्डो मलम लावतो. पण झाड सुंदर दिसावे म्हणून कोणी खोडाला करवत लावत नाही. गाडीलाही सल असते आणि खोडही असते. गाडीचे खोड म्हणजे चेसिस आणि त्यातही तिचा गळा, म्हणजे हँडलचा दांडा जिच्यात बसतो ती नळी.

हा गळा इतका महत्त्वाचा का? साध्या रस्त्याच्या गाडीत हँडलचा दांडा उभ्या रेषेपासून साधारण २५ ते २८ अंश कललेला असतो. त्या दांड्याची रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे टेकते आणि पुढचे चाक जिथे टेकते, या दोन जागांमध्ये दहा सेंटीमीटरच्या आसपास अंतर असते. या अंतरामुळे गाडी सरळ चालते आणि हँडल आपोआप सावरते. चॉपर करताना गळा कापून कोन ४० अंशांवर नेला आणि बाकी काही बदलले नाही, तर हेच अंतर जवळपास दुप्पट होते. सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी झकास जाते. पण कमी वेगात हँडल जड होते, एका बाजूला कोसळू पाहते आणि वळायला जास्त जागा लागते.

अमेरिकेतले ते रस्ते मैलोन्‌मैल सरळ. आपल्याला सौंसरहून छिंदवाड्याला जायचे तर वाटेत सिल्लेवानीचा घाट आहे. समोरून ट्रक, बाजूला दरी आणि हातात न वळणारे हँडल! पांढुर्ण्याच्या बाजारातल्या गर्दीत संत्र्याच्या गाड्यांमधून वाट काढतानाही हीच अडचण.

वेल्डिंगचे तर विचारूच नका. खिडकीची जाळी किंवा फाटक जोडणारा कारागीर आपल्या कामात वाकबगार असतो. पण फाटकाचा जोड तुटला तर फाटक लोंबते, गाडीचा जोड तुटला तर माणूस जातो. फोर्क जितका लांब, तितका तो पहारीसारखा काम करतो. ब्रेक मारला की जमिनीवरचा सगळा जोर त्या लांब दांड्यातून गळ्यावर येतो. जोड वरून सुबक दिसला तरी वितळलेले लोखंड आतपर्यंत शिरले असेलच असे नाही. शिवाय जोडाच्या शेजारचे लोखंड तापून कमजोर होते आणि चीर बहुधा तिथेच पडते. ती महिनोन्‌महिने रंगाखाली दडून राहते. बुलेटच्या जुन्या चेसिसमध्ये तर इंजिन हाच सांगाड्याचा एक भाग असतो, म्हणजे एका ठिकाणी कापले की ताण दुसरीकडे जातो. कारखाने नवी गाडी आणतात तेव्हा ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावी लागते. अंगणात तपासणारे कोण?

आता कायदा पाहू. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातले १८२-अ हे कलम नव्या रूपात आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. नोंदणीच्या नमुन्यात दोन चाकांमधले अंतर, बसणाऱ्यांची संख्या आणि रंगसुद्धा लिहिलेला असतो. फोर्क लांबवला की पहिले बदलले, सीट एकट्याची केली की दुसरे बदलले.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कोण तपासतो? पण जुन्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवूनच ती वाढवून घ्यावी लागते. छाटलेली गाडी तिथे नेणार कशी? आणि अपघात झालाच, तर विमा कंपनी पहिली हरकत याच बदलावर घेऊ शकते. आपण सीमेवरचे लोक. पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये झाला, त्याआधीच्या आपल्या गाड्या छिंदवाड्याच्या एमपी-२८ क्रमांकाच्या. जोडीला नागपूर-अमरावतीकडून स्वस्तात घेतलेल्या महाराष्ट्राच्या गाड्याही इथे पुष्कळ. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. तेव्हा पाना हाती घेण्याआधी कागद हाती घ्यावेत.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट अनेकांना आठवत असेल. मुलाच्या हौसेसाठी त्यांनी भंगारातून आणि दुचाकीच्या सुट्या भागांतून किक मारून चालू होणारी छोटी चारचाकी बनवली. खर्च साठेक हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. त्याच वेळी, ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितले आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार यांना मिळाली. या गोष्टीत बोलेरोपेक्षा मोठे काही आहे. हातातली कला खरी आणि रस्त्याचा नियमही खरा, दोन्ही एकाच वेळी.

गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्याचे मनसुखभाई जगानी यांनी बुलेटचे मागचे चाक काढून दोन चाकांचे जोडकाम केले आणि त्यावर वखर, पेरणीची अवजारे बसवली. त्यांच्या 'बुलेट सांती'ला पेटंट मिळाले. गाडी बदलली, पण ती शेतात राबण्यासाठी.

राहिला मागच्या सीटचा प्रश्न. मला तो सगळ्यात मोठा वाटतो. चॉपरवर एकच माणूस बसतो. आपल्या घरातली गाडी कधीच एकट्याची नव्हती. तिच्यावर आई जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेली, धाकटी बहीण परीक्षेला गेली, तापाने फणफणलेले पोर दवाखान्यात गेले. मागच्या चाकाला साडी, ओढणी अडकू नये म्हणून अर्धे चाक झाकणारी जाळी आणि धरायला मूठ हवी, असे नियमातच लिहिले आहे. उघडे चाक फोटोत रुबाबदार दिसते, पण लुगड्याच्या काठाला ते ओळखत नाही. वडील गप्प बसतात ते बहुधा याचसाठी. मुलाला लोखंड दिसते, वडिलांना मागे बसलेली माणसे दिसतात.

मग करावे काय? सल काढावी. आधी गाडी मूळ स्थितीत चालती करावी, हाच मोठा अभ्यास आहे. इंजिन उघडून रिंगा, बेअरिंगे पाहावीत. कार्ब्युरेटर साफ करावे. वायरिंग नवे ओढावे, कारण जुन्या गाड्यांत बिघाड बहुतेक तिथेच असतो. ब्रेकचे लायनर बदलावे आणि पुढचा ब्रेक कधीच काढू नये. अमेरिकेतल्या अनेक जुन्या चॉपरना तो नसे, त्याचे अनुकरण नको. गंज काढावा, टाकीवर मन लावून रंगकाम करावे. मूळ रंग बदलायचा असेल तर परिवहन कार्यालयात नोंदवावा. सीटचे कव्हर शिवून घ्यावे, पण सीट दोघांची ठेवावी. सायलेन्सर मूळचाच ठेवावा. फटाके फोडणाऱ्या आवाजाला १० हजारांपर्यंत दंड आहे आणि त्या आवाजाने शेजारचे आजारी आजोबा दचकतात, ते वेगळेच.

तसाच थाट हवा असेल तर आता कारखान्यांतूनही तपासून येणाऱ्या गाड्या आहेत. बजाजची अॅव्हेंजर २००५ मध्ये आली, तर रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या गोव्याचे नाव दिलेली गोअन क्लासिक बाजारात आणली. आणि ज्याला खरोखर चेसिस घडवायचीच आहे, त्याने आयटीआयमध्ये वेल्डिंग रीतसर शिकावे. पालकांनीही "भंगाराशी काय खेळतोस" म्हणण्यापेक्षा त्याला तिकडे नेऊन भरती करावे. उद्या तोच मुलगा इथे चांगला कारागीर होईल.

संत्र्याचे कलमही शेवटी बदलच आहे. खुंट जंबेरीचा, डोळा संत्र्याचा. तो बदल टिकतो, कारण बांधणारा हात जाणता असतो आणि खुंट शाबूत असतो. मुलांनो, गाडी जरूर उघडा. फक्त करवत लावण्याआधी एकदा बाबांना विचारा, या गाडीवर कोण कोण बसले होते. उत्तर ऐकायला थोडा वेळ लागेल, पण तेवढा वेळ द्या.