बळी तो कान पिळी. पण बळ आले कोठून?

वऱ्हाडातल्या कोणत्याही गावी पारावर बसावे आणि सावकाराचा विषय काढावा. घटकाभरात कोणीतरी शहाणा मान डोलावून म्हणतोच, "मानसाचा सोभावच हाय बाप्पा, त्याले कोन काय करन? बळी तो कान पिळी!" आमच्या आज्या-पणज्यांना पोथी सांगणारा सांगे की कर्ज हे मागल्या जन्मीचे देणे आहे. आता पोथी मिटली, तर शिकलेसवरले लोक सांगतात की लोभ ही उपजत प्रवृत्ती आहे, बलवानाने दुर्बळास खावे हा सृष्टीचा नियम आहे. पूर्वी पूर्वजन्म, आता मनुष्यस्वभाव. शब्द पालटले, अर्थ एकच की, कुणब्या, तू गप बैस. ह्या शिकवणुकीचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

लोभ सर्वांच्या ठायी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. शेजाऱ्याचा धुरा दरसाल वितीवितीने कोरणारा कुणबी आम्ही पाहिला आहे. मग धुरा कोरणारा जन्मभर पाच एकरांचाच धनी राहतो आणि व्याज कोरणारा पाचशे एकरांचा होतो, हे कसे? दोघांची भूक सारखीच. पण धुरा कोरणाऱ्यास शेजारी दुसऱ्याच दिवशी काठी घेऊन जाब विचारतो. वहीत आकडा कोरणाऱ्यास कोण विचारणार? वही त्याच्यापाशी, ती वाचता येते त्यालाच, अंगठा आपला आणि त्या अंगठ्यामागे कोर्टाचा बेलिफ उभा. स्वभावाने कोणी सावकार होत नाही. जाब विचारणारा कोणी नसला म्हणजे होतो.

इतिहास हेच सांगतो. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्याआधीही येथे सावकार होतेच आणि ते काही संत नव्हते. परंतु रयत गाव टाकून गेली तर वसुली बुडते, हे भय त्यांस असे. म्हणून गाय दुभती ठेवावी तशी ते तिला जगवीत. पुढे इंग्रजांची जमाबंदी आली. शेत गहाण टाकण्याजोगे, विकण्याजोगे झाले. हुकूमनामा मिळाला की ते लिलावात काढण्याची सोय झाली. सावकार तोच, हाव तीच, नवे होते ते हातातले हत्यार. त्यात १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीवर गेली. १८६७ साली रेल्वे अकोल्यावरून नागपुरास पोचली, १८७० साली खामगावचा फाटा झाला. रुई त्या गाडीने गेली आणि त्याच गाडीने विलायती सूत व कापड आले. आमचे कोष्टी आणि साळी माग बंद करून मजुरीस लागले. हा काय त्यांचा स्वभाव होता?

पुण्याकडच्या कुणब्यांनी मात्र १८७५ साली अचूक निदान केले. १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात उठाव झाला आणि तो गावोगाव पसरला. लोकांनी सावकारांचे जीव घेतले नाहीत. खतपत्रे व वह्या हिसकावून त्यांची होळी केली. निरक्षर माणसांना कळले की बळ सावकाराच्या दंडात नाही, कागदात आहे! सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा करणे भाग पडले. पण तो दख्खनच्या चार जिल्ह्यांपुरता. वऱ्हाड बाहेरच राहिले.

आमच्याकडे कापसाचे बाजार बांधले गेले. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंज्यास १८८६ साली पहिला नियंत्रित बाजार झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. कायदा चांगलाच, पण त्याखालच्या कमिट्यांवर व्यापाऱ्यांचेच प्राबल्य राहिले. मांजरीलाच दुधाच्या पातेल्यावर पहारा! अडत, दलाली, हमाली, तोलाई, कडता हे सारे पिकवणाऱ्याच्या गाडीतून कापायचे आणि वर धर्मादाय म्हणूनही कापायचे. पुण्य शेटजीचे, कापूस आमचा. भाव ठरे तो रुमालाखाली, बोटांनी. ज्याचा माल त्यालाच भाव दिसू नये, अशी ही तऱ्हा होती.

आम्ही वीस-बावीस वर्षे वर्गावर उभे आहोत. ह्या प्रश्नाचा एक छोटा दाखला वर्गातच मिळतो. सर्वांत गरीब पोराला मॉनिटर करा, हाती छडी द्या आणि घटकाभर बाहेर जा. परत याल तेव्हा त्याच्या आवाजाला धार आलेली असते. कोणी त्याच्या पुढ्यात बोरे, कोणी पेन्सिल ठेवलेली असते. बोरे देणाऱ्यांचाही स्वभाव बघा. भय हीसुद्धा उपजत गोष्टच आहे, आणि जुलूम हावेपेक्षा भयावरच अधिक पोसतो. आता दुसऱ्या दिवशी सांगा की मॉनिटर रोज बदलेल, आणि त्याने कोणाला का मारले ते फळ्यावर लिहिले जाईल. तोच पोरगा, तीच छडी. पण ती क्वचितच उठते.

मोठ्या माणसांचेही तसेच. डॉ. पंजाबराव देशमुख १९३० ते १९३३ मध्यप्रांत-वऱ्हाडात मंत्री होते. १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा झाला, मंडळे बसली. मंडळापुढे वह्या उघडाव्या लागल्या, तेव्हा फुगलेली कर्जे सावकारांनी कमी करून घेतली. त्यांच्या पोटातली हाव का त्या साली विरघळली? वही मंडळाच्या टेबलावर आली, एवढेच झाले.

आता ताजे उदाहरण, आपल्याच वऱ्हाडातले. २००६ साली खामगावात एका आमदाराच्या सावकार कुटुंबाविरुद्ध शेतकरी तक्रारी घेऊन पोलिसांकडे गेले. तेव्हा मुख्यमंत्री विलासराव देशमुखांच्या कार्यालयातून ठाण्यात फोन आला की, ह्या कुटुंबावरची तक्रार आधी जिल्हा समितीपुढे ठेवावी, सरकारी वकिलाचे मत घ्यावे, मगच काय ते करावे. कोणा शिपायाने, कोणा अंमलदाराने तो निरोप ठाण्याच्या डायरीत शाईने लिहून ठेवला. एक शेतकरी नागपूर खंडपीठात गेला आणि तीच नोंद पुरावा झाली. खंडपीठाने पंचवीस हजारांचा खर्च सरकारवर बसवला. सरकार अपिलात गेले, तर डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाढवून दहा लाख केला. (ते दहा लाखही तुमच्या-आमच्याच तिजोरीतले, ही गोष्ट निराळी!) राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवरचा शब्द एका ओळीच्या नोंदीने उघडा पडला.

आणखी एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. शेटजी-भटजींना नावे ठेवून आज भागणार नाही. व्याजाने पैसा लावणारा आता पुष्कळदा आमच्याच जातीचा, आमच्याच सोयऱ्यांतला असतो. बियाणे-खत उधार देऊन कापूस आपल्याच काट्यावर आणावयास लावणारा कृषी केंद्रवालाही गावचाच. त्याला जवळचा म्हणून आम्ही पावती मागत नाही. सरकारी खरेदीत ओलावा बारा टक्क्यांवर गेला की माल परत. मग तोच माल बाहेर पडत्या भावाने जातो. यंत्राचा आकडा आपण स्वतः वाचतो काय? बाजार समितीत कायद्याने शेतकऱ्यांचे प्रतिनिधी अधिक असतात. पण त्यांना निवडणारे सोसायटीचे व ग्रामपंचायतीचे सभासद कोण, हे निवडणुकीच्या दिवशी आपण विसरतो.

२०१४ सालच्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्यावाचून व्याजाचा धंदा करणे गुन्हा आहे. परवानेवाल्याने पावती दिली पाहिजे, हिशेबाचा उतारा दिला पाहिजे. कर्जापोटी बेकायदा लिहून घेतलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकास आहे. ज्यांचे शेत असे गेले असेल त्यांनी सातबारा, जुने फेरफार, खरेदीखताची नक्कल आणि असतील नसतील त्या चिठ्ठ्या घेऊन अकोल्यास त्या कचेरीत जावे. एकट्याने जाऊ नये, चौघे मिळून जावे. अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्यावाचून जिना उतरू नये. अर्ज लिहिता येत नसेल तर आपल्या सातवीतल्या पोरीला जवळ बसवावे. तिला लिहिता येतो.