तोफ दिसते, कोठार का दिसत नाही?

१/ गडावर गेलेला इतिहासप्रेमी तोफेजवळ रेंगाळतो, बुरुजावर छायाचित्र काढतो आणि धान्यकोठार ‘एक जुनी इमारत’ म्हणून मागे टाकतो. इतिहास म्हणजे केवळ लढाई, या आपल्या तोकड्या व्याख्येचा हा परिणाम आहे. हा धागा त्या व्याख्येविरुद्ध.

२/ पन्हाळ्याचा अंबरखाना पाहा. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारे. गंगा सर्वांत मोठे : १६ खण, प्रत्येक खणाच्या छतास चौकोनी झरोका. बाहेरच्या पायऱ्यांनी छतावर चढायचे आणि धान्य वरून ओतायचे. भात, नागली, वरी यांचा साठा. क्षमता २५,००० खंडी सांगितली जाते.

३/ १६६० मध्ये सिद्दी जौहरने या गडास वेढा घातला. बाजीप्रभूंचा पराक्रम आपल्याला मुखोद्गत आहे. परंतु वेढा ही मुळात दाण्यागोट्याची लढाई. मार्च ते जुलै गड लढला, याचा अर्थ तितके महिने गड जेवला.

४/ बेटावर हे सत्य अधिकच उघडे पडते. मालवणसमोर कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली. चहूकडे खारे पाणी. आत मात्र दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. तट शत्रूला अडवतो, भूक आणि तहान यांना नाही.

५/ आक्षेप येईल : कोठार सत्तेचे, धान्य रयतेच्या घामाचे. अगदी खरे! म्हणूनच ते अभ्यासले पाहिजे. कोणी पिकवले, कोणी साठवले, संकटात कोणाला मिळाले? तलवारीचे गोडवे गाताना हे प्रश्न टाळता येतात. कोठारापुढे उभे राहून टाळता येत नाहीत.

६/ आता आपले वरोरा. १८७० च्या दशकात कोळशासाठी येथवर रेल्वे आली. तरीही १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांताने भीषण दुष्काळ भोगले. रेल्वे धान्य आणू शकते, तसेच नेऊही शकते. व्यापारात दाणा भुकेमागे नव्हे, भावामागे धावतो. गाडी आली म्हणून साठ्याचा प्रश्न संपला, हा भ्रम होता.

७/ म्हणून पराक्रम विसरा असे कोणी म्हणत नाही. त्याच्या पोटात कोणाचा घास होता, तेही विचारा. आरंभ घरापासून करा. आजीच्या घरची कणगी, बांबूची ढोली अजून उभी असेल, तर मोजा, रेखाटा. ती कशी लिंपत, बियाणे वेगळे कसे राखत, हे लिहून घ्या. तोफेची नोंद सरकार ठेवते. ढोलीची नोंद तुम्ही ठेवली नाही, तर कोणीच ठेवणार नाही.